तळ्याचे देणे कोणी फेडावे?

गेल्या कार्तिकीला पंढरीहून परतलेल्या एका दिंडीचे मावंदे धामापूरच्या पंचक्रोशीत होते. आमंत्रण आले म्हणून आम्ही गेलो. कोकणातला वारकरी बहुधा कार्तिकीची वारी धरतो. आषाढीला त्याचे पाय लावणीच्या चिखलात रुतलेले असतात, आणि पांडुरंगालाही ते ठाऊक आहे. रात्री हरिपाठ झाला, प्रवचन झाले, खिरापत वाटली गेली. मंडळी उठणार तोच पंचविशीतला एक तरुण पुढे आला. बुवांच्या पाया पडला आणि म्हणाला, "बुवा, तळा राखूक व्हया ता आमका कळता. पन पोट कसा राखूचा ता पन सांगा."

प्रश्न धामापूरच्या तळ्याचा होता. तळे पाहायला बाहेरगावची माणसे येतात. या तरुणाच्या मनात एक होडी घालावी, चहापाण्याची टपरी टाकावी, चार पैसे मिळवावे असे होते. गावातल्या जाणत्यांचे म्हणणे पडले की, तळे देवीचे आहे, त्यात खेळ मांडू नये. घरात म्हातारी आई, शेत दोन गुंठ्यांचे, भाऊ मुंबईला. बुवा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "झिला, उत्तर उद्या देतो." खरे सांगायचे तर त्या रात्री आम्हां कोणालाच उत्तर सुचले नाही. तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मनात घोळतो आहे. तो एका गावापुरता नाही, म्हणून वाचकांपुढे ठेवतो.

प्रश्नाचे स्वरूप आधी नीट पाहिले पाहिजे. कोकणात पाऊस उदंड पडतो. देशावरच्या आमच्या बांधवांना ऐकून नवल वाटेल इतका पडतो. तरीही चैत्र-वैशाखात याच सिंधुदुर्गातल्या कित्येक वाड्यांवर बायाबापड्या हंडा घेऊन पाण्यासाठी वणवण करतात. याचे कारण भूमीतच आहे. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचा उतार तीव्र आणि अंतर थोडे. वरचा जांभा दगड सच्छिद्र, पाणी धरून ठेवत नाही. आषाढात पडलेले पाणी व्हाळांतून नदीत आणि नदीतून दर्यात जाते. तेव्हा इथे ज्याला राहायचे आहे त्याला पाणी अडवावेच लागते. पाणी अडवणे म्हणजे निसर्गावर अत्याचार, असे जे कोणी सरसकट म्हणतात त्यांनी वैशाखात एक दिवस डोक्यावर हंडा घेऊन चढण चढून पाहावी. बांध घालणे हे पाप नव्हे. आमच्या पूर्वजांनी ते पुण्य मानले, आणि तळी, विहिरी बांधणाऱ्यांची नावे अजून लोकांच्या तोंडी आहेत.

धामापूरचे तळे हाच त्याचा दाखला. मालवणहून चौके, काळसे या बाजूने कुडाळला जाताना हे तळे लागते. विजयनगरच्या राजवटीत, १५३० साली, नागेश देसाई नावाच्या मांडलिकाने ते बांधविले असे सांगतात. डोंगरांच्या मधल्या खोलगट जागी मातीचा बांध घातला, पाणी साठले, आणि खालच्या शेतांना व बागांना पाटाने मिळू लागले. काठावर भगवतीचे देऊळ. भोवती दाट झाडी. ज्या साली हे तळे बांधले तेव्हा एकनाथ महाराज अजून जन्माला यावयाचे होते आणि तुकोबांच्या जन्माला तर पाऊणशे वर्षांहून अधिक काळ अवकाश होता. एवढ्या काळात राज्ये आली आणि गेली, तळे मात्र आहे तिथे आहे. मालवण शहराच्या नळालाही या तळ्याचे पाणी आले. २०२० साली सिंचनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने जगातल्या वारसा ठरलेल्या पाणीबांधणींच्या यादीत धामापूरचा समावेश केला. मातीचा एक बांध पाचशे वर्षे टिकतो, हे त्यांनाही आश्चर्याचे वाटले असेल.

पण तो का टिकला याचा विचार आपण करीत नाही. बांध घालणाऱ्याच्या कौशल्याला त्याचे श्रेय द्यावेच. परंतु डोंगराची झाडी तुटली असती तर पहिल्या पाचपन्नास पावसाळ्यांतच माती वाहून येऊन तळे भरून गेले असते. झाडांच्या मुळांनी माती धरली, पानांच्या थराने पावसाचा मारा सोसला, आणि जमिनीत जिरलेले पाणी हळूहळू झिरपत तळ्यात उतरले. झाडी का राहिली? तर ती देवीची म्हणून. कोयता उचलणाऱ्या हाताला भय वाटे. म्हणजे तळे बांधणारा एक, तळे राखणारे शेकडो, आणि राखणाऱ्यांत माणसांबरोबर झाडे, पाखरे, आणि गावाची श्रद्धाही आली. तुकोबांनी झाडावेलींना आपले गणगोत मानले ते काही केवळ कवित्वासाठी नव्हे. नातेवाइकाने राखले तरच घर राहते, हा रोकडा हिशेब आहे.

या तळ्याची एक कथा परिसरात सांगतात. पूर्वी गोरगरिबाच्या घरी लग्नकार्य निघाले आणि अंगावर घालायला सोने नसले की घरची बाई फुलांचे दागिने करून परडीत घाली आणि ती परडी तळ्याच्या काठी ठेवून देवीची प्रार्थना करी. मग तेच दागिने सोन्याचे होऊन मिळत. कार्य आटोपले की ते तळ्याला परत करावयाचे, एवढीच अट. पुढे कोणा एकाला मोह झाला. त्याने दागिने परत केले नाहीत. त्या दिवसापासून तळ्याने देणे बंद केले.

ही कथा ऐकताना आपण बहुधा सोन्याच्या चमत्कारापाशी थांबतो. आम्हांला वाटते की कथेचा जीव सोन्यात नाही, अटीत आहे. तळे द्यायला नाही म्हणाले नव्हते. गरज सांग, घे, लेकीचे लग्न थाटात कर, मिरव, आनंद कर, असेच त्याने सांगितले. मिरवण्यालाही त्याची हरकत नव्हती. हरकत होती ती परत न करण्याला. आणि शिक्षा मोह झालेल्या एकाला झाली नाही, सगळ्या पंचक्रोशीला झाली. पाण्याच्या बाबतीत हे नेहमी असेच असते. एकाने केलेले सर्वांना भोगावे लागते.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी हाच विचार सांगितला आहे. अन्न पावसापासून, पाऊस यज्ञापासून, यज्ञ कर्मापासून, असे ते चक्र. देवांनी दिलेले भोगावे, पण त्यांना त्यांचा भाग न देता जो एकटाच भोगतो त्याला भगवंतांनी सरळ चोर म्हटले आहे. माउलींनी त्यावर निरूपण करताना स्वधर्म हाच यज्ञ असे समजाविले. म्हणजे तूप-समिधांचाच यज्ञ पाहिजे असे नाही. ज्याच्यापासून घेतले त्याला फिरवून देणे, हा यज्ञ. धामापूरच्या त्या बाईला संस्कृत येत नव्हते, पण परडी परत नेऊन ठेवताना ती तिसरा अध्याय आचरीत होती.

आता पाण्यावर हक्क सांगणारे कोण कोण, ते पाहू. पहिला हक्क तहानेचा आणि शेताचा. दुसरा त्या पाण्यात व काठावर राहणाऱ्या जिवांचा, झाडीचा आणि खुद्द वाहत्या नदीचा. तिसरा, पाणी पाहून ज्याचे मन निवते त्या पाहुण्याचा. या तिघांचे भांडण सध्या सर्वत्र आहे. गंमत अशी की, तिघेही आपापल्या परीने खरे बोलतात.

शेतकऱ्याचे आणि तहानलेल्याचे म्हणणे वर आलेच. त्याची मोठी बाजू पाहायची तर तिलारीकडे पाहावे. दोडामार्ग तालुक्यातले तिलारी धरण हा महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त प्रकल्प. १९९० साली दोन्ही राज्यांचा करार झाला. धरण आपल्या बाजूला, पाण्याचा आणि खर्चाचा मोठा वाटा गोव्याचा. आज उत्तर गोव्यातल्या कितीतरी घरांतला नळ तिलारीवर चालतो. ही गोष्ट लहान नाही. पण त्यासाठी आयनोडे, सरगवे यांसारख्या गावांनी आपली घरे, आपली कुळागरे, आपल्या ग्रामदेवतेची स्थाने पाण्याखाली दिली. गोव्यात सकाळी तोंड धुणाऱ्याला या गावांची नावे ठाऊक नाहीत. त्याने उसने घेतलेले दागिने कोणाचे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही. ठाऊक नसणे हा गुन्हा नव्हे. परंतु ऋण ठाऊक नसले म्हणून फिटत नाही.

त्याच तिलारीच्या रानात २००२ पासून कर्नाटकाच्या बाजूने हत्ती येऊ लागले. केळी, माड, भातशेती तुडवली गेली, माणसेही दगावली. २०२० साली तिथल्या सुमारे २९ चौरस किलोमीटर जंगलाला राखीव संवर्धनक्षेत्राचा दर्जा मिळाला. शहरातला माणूस म्हणतो, वा, छान झाले. दोडामार्गचा शेतकरी विचारतो, हत्तीचे रान राखले, माझी बाग कोण राखणार? या प्रश्नाला टाळ्या वाजवून उत्तर मिळत नाही.

दुसऱ्या हक्काविषयी आम्हांला थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण त्याला स्वतःचे तोंड नाही. सभेत नेहमी ऐकू येते की, आमचे एवढे पाणी समुद्रात वाया जाते. हे बोलणे आम्हीही अनेकदा केले आहे. पण मालवणच्या एका रापणकाराने आम्हांला एकदा सुनावले, "वाया जाता? मगे आमी खातंव काय?" तेव्हा डोळे उघडले. नदीचे गोडे पाणी खाडीत खाऱ्याला भेटते तिथे कांदळवन वाढते. त्याच्या मुळांच्या जाळ्यात मासळीची पिल्ले लहानाची मोठी होतात. तिसऱ्या आणि कालवे खाडीच्या तळाशी वाढतात, ते त्या मिश्र पाण्याच्या जोरावर. कर्ली नदी देवबागपाशी समुद्राला मिळते तिथे एका अंगाला नदी, एका अंगाला दर्या आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर माणसांची वस्ती आहे. नदीचा जोर ओसरला की भरतीचे खारे पाणी आत सरकते आणि काठच्या विहिरी मचूळ होतात. तेव्हा समुद्राला मिळणारे पाणी हे नदीने फेडलेले देणे आहे. ते सगळेच अडवले तर खाली कोणाची तरी चूल विझते.

गोडे पाणी किती नाजूक असते हे मालवणच्या माणसाला सांगायला नको. त्याच्या डोळ्यांपुढे सिंधुदुर्ग किल्ला आहे. १६६४ साली शिवछत्रपतींनी त्याची पायाभरणी केली. चहूकडे खारा दर्या आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. किल्ल्यावरच्या वस्तीने त्या विहिरींचे पाणी जपून वापरले म्हणून त्या गोड राहिल्या. समुद्राच्या मधोमध असलेल्या विहिरीतून हावरटासारखे उपसले तर खाली खारेच लागणार.

आता तिसरा हक्क. याविषयी आपल्या संप्रदायात एक घाईचे मत आहे. मौजमजा म्हणजे चंगळ, चंगळ म्हणजे अधर्म, विषय संपला. आम्हांला हे मत पटत नाही. देवाने पाण्याला जी शोभा दिली ती पाहून कोणाचे मन निवले तर त्यात अधर्म कोठला? आमच्या सिंधुदुर्गात डबलबारीच्या भजनाला रात्रभर गर्दी लोटते. दोन बुवा एकमेकांना पेच घालतात, लोक हसतात, दाद देतात. तिथे भक्ती किती आणि करमणूक किती, हे तराजूत घालून कोणी सांगावे? गोपाळकाल्यात तर देवच खेळतो. मुंबईच्या दहा बाय दहाच्या खोलीत वर्ष काढलेला चाकरमानी चतुर्थीला गावी येतो आणि तळ्याच्या काठी पोरांना घेऊन बसतो. त्याला आपण काय, उठून जा म्हणणार?

शिवाय मौज ही पाहुण्याची असली तरी भाकरी गावकऱ्याची असते. सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाल्यापासून तारकर्ली, देवबागच्या कित्येक घरांत पाहुण्यांच्या जेवणावर चूल पेटते. मालवणच्या समुद्रात १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले तेव्हा मच्छीमारांनी कडाडून विरोध केला. आमचा दर्या आमच्याकडून काढून घेतात, ही त्यांची भीती होती, आणि त्यांना विश्वासात न घेता झालेल्या गोष्टीबद्दल ती वाटणे रास्तच होते. पुढे त्याच पाण्यातले प्रवाळ पाहायला लांबून माणसे येऊ लागली. पाण्याखाली बुडी मारून दाखविणे हा तिथल्या मुलांचा धंदा झाला. म्हणजे जे राखायचे तेच पोटाचे साधन झाले. पण तिथेही तीच गोष्ट. नांगर भलत्या ठिकाणी टाकला, हौशी पायांनी प्रवाळ तुडवले, तर ते मोडते. ते वाढायला कित्येक वर्षे लागतात. मोडल्यावर पाहुणा दुसऱ्या समुद्राकडे जातो. गावचा मुलगा मोडलेल्या प्रवाळाशेजारी राहतो.

धामापुरातही असेच झाले. पाहुण्यांना तळ्यावर हिंडता यावे म्हणून बांधकाम निघाले. करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. गावाला उत्पन्न मिळावे, असेच त्यांना वाटले असेल. परंतु पाणथळ जागेला त्याने धक्का लागतो अशी तक्रार झाली आणि वाद हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला. पाचशे वर्षे जे तळे देवीच्या धाकाने सुरक्षित राहिले त्याला कायद्याचा धाक शोधावा लागला, याचे आम्हांला वाईट वाटते. धाक गेला ते एक परी बरे, पण त्याच्या जागी समज यायला हवी होती. ती आली नाही.

इथे थोडे थांबून आपल्याच अंगणात पाहिले पाहिजे. दुसऱ्याला उपदेश करण्याआधी वारकऱ्याने आपला हिशेब द्यावा. आषाढीला चंद्रभागेला पाणी असावे म्हणून उजनीतून भीमेत पाणी सोडतात. उजनी धरण १९८० साली पुरे झाले. त्यासाठीही गावे उठली. पळसदेवचे प्राचीन मंदिर त्या पाण्यात गेले, आणि पाणी ओसरले की अजून त्याचे दर्शन घडते. आपण चंद्रभागेत जी डुबकी मारतो ते पाणी त्या गावांनी दिलेले आहे. आणि आपण तिला परत काय देतो? स्नान झाले की जुने कपडे, निर्माल्य, पिशव्या, पत्रावळी. एकादशी सरल्यावर वाळवंटाची जी दशा होते ती पाहून आमची मान खाली गेली आहे. आम्ही स्वतः एके वर्षी स्नान करून जुने धोतर तिथेच सोडून आलो. तशी रीतच आहे असे कोणी म्हणाले म्हणून. पुढच्या वर्षी त्याच जागी चिखलात रुतलेल्या चिंध्यांत आमचाच पाय अडकला. ते धोतर आमचे होते की दुसऱ्याचे, कोण जाणे. पण पाय आमचा होता. तेव्हा मौजेला येणारा पाहुणा पाणी नासवतो आणि भक्तीला येणारा आपण पवित्र करतो, हा भ्रम सोडावा. नदीच्या दृष्टीने चिंधी ती चिंधी. ती भक्ताची की शौकिनाची, हे नदी विचारीत नाही.

मग या तीन हक्कांचा निवाडा कसा करावा? नाथमहाराजांच्या चरित्रातली एक कथा सर्वांना ठाऊक आहे. काशीची गंगा कावडीत घेऊन रामेश्वराला निघाले असता वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले. नाथांनी कावड त्याच्या तोंडी रिकामी केली आणि रामेश्वर पावला असे म्हणाले. या कथेतून दयेचा धडा आपण घेतोच. त्यात पाणीवाटपाचा धडाही आहे. देवाच्या अभिषेकासाठी राखलेले पाणीदेखील तहानेपुढे दुय्यम ठरले. आणि तहान माणसाचीच पाहिजे असेही नाथांनी धरले नाही. तेव्हा क्रम असा लागतो: आधी तहान, मग ती दोन पायांच्या जिवाची असो की चार पायांच्या. मग शेत आणि पोट. मौज त्यानंतर.

पण एवढ्याने भागत नाही, हे आम्ही कबूल करतो. त्या तरुणाच्या बाबतीत मौज आणि पोट एकच झाले आहे. पाहुण्याची मौज हीच त्याची भाकरी. उद्या तिलारीतही हाच पेच पडेल, उजनीच्या फुगवट्यावर पक्षी पाहायला येणाऱ्यांमुळे तिथेही पडला असेल. नुसता क्रम लावून हा पेच सुटत नाही. तेव्हा क्रमाच्या जोडीला धामापूरच्या कथेतली अट घ्यावी. तू कोण, कशासाठी आलास, हे तळे विचारीत नाही. ते एवढेच विचारते की, घेतलेस ते परत करशील काय? जी गोष्ट तळ्याला जशीच्या तशी परत करता येते, ती घ्यायला हरकत नाही. जी परत करता येत नाही, तिला हात लावताना दहा वेळा विचार करावा. डोळ्यांनी पाहिलेले तळे जागच्या जागी राहते. पाखराचा आवाज ऐकला तर पाखरू उडून जात नाही. पण तोडलेले झाड, पाण्यात पडलेले तेल, काठावर ओतलेला सिमेंटचा थर, रात्रीचे दिवे आणि भोंगे, यांतले काय परत करणार?

ही कसोटी धरणालाही लावावी. उठलेल्या गावाला त्याची जमीन परत देता येत नाही, हे खरे. म्हणूनच ज्यांना पाणी मिळाले त्यांचे देणे अधिक. पुनर्वसनाचा पैसा एकदा वाटून हे देणे फिटले असे मानणे म्हणजे लग्न झाल्यावर परडी विसरणे. धरणातून नदीला तिचा वाहता भाग सोडणे, वरच्या डोंगराची झाडी राखणे, आणि ज्यांची बाग हत्तीने मोडली त्यांना हेलपाटे न घालता भरपाई देणे, ही सगळी परतफेडच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा, तो तरुण, गावातले एक वयोवृद्ध गृहस्थ आणि आम्ही असे तळ्यावर गेलो. पाण्यावर धुके होते. म्हाताऱ्यांनी देवळाच्या पायरीवर बसून एवढेच म्हटले, "तळा आमचा न्हय रे झिला, आमीच तळ्याचे." तरुण चटकन म्हणाला, "आजोबा, तुमचा खरा. पन तुमच्या वक्ताक पोट भाताचा होता, माज्या वक्ताक पैशांचा आसा." म्हातारे गप्प झाले. दोघेही खरे बोलत होते.

मग बुवांनी जे सांगितले ते आम्ही इथे देतो. ते त्या तरुणाला म्हणाले, "पाहुणा तळ्यावर येऊ दे, तळ्यात नको. तू त्याला काठाने हिंडव. बांध कसा घातला ते सांग, दागिन्यांची गोष्ट सांग, पाखरे ओळखायला शीक आणि दाखव. दुपारी तुझ्या आईच्या हातची पेज, कुळथाची पिठी आणि भाकरी त्याला पानावर वाढ. त्याचे पैसे नि:शंक घे. ते कष्टाचे आहेत. यात होडीपेक्षा कमी मिळेल, हे मी लपवीत नाही." आणि मग ते म्हाताऱ्यांकडे वळले. "पण काका, कमी मिळेल ते सगळे यानेच का सोसायचे? तळे सर्वांचे म्हणता, मग त्याच्या राखणीचा भारही सर्वांचा. एका गरिबाच्या पोरावर त्यागाचे ओझे घालून आपण धर्म राखला म्हणणे बरे नव्हे."

हे दुसरे वाक्य आम्हांला अधिक मोलाचे वाटते. पर्यावरण राखा असे सांगणारे पुष्कळ. पण राखण्याचा खर्च बहुधा त्याच्याच गळ्यात पडतो ज्याच्यापाशी थोडे असते. ज्या शहराच्या नळाला तळ्याचे पाणी येते, त्याने पाणीपट्टीतला काही भाग त्या डोंगराच्या झाडीसाठी आणि ती राखणाऱ्या गावाच्या हातांसाठी का देऊ नये? खालच्या बागायतदाराने वर्षातून चार दिवस पाट आणि बांध साफ करायला का येऊ नये? पूर्वी गाव मिळून बांध दुरुस्त करी, तेव्हा ती कोणाची मेहेरबानी नव्हती, गावऱ्हाटीचा भाग होता. पाहुण्याकडूनही तळ्याच्या नावाने चार पैसे घ्यावेत, आणि त्यांचा हिशेब देवळाच्या भिंतीवर लिहावा. चार डोळ्यांपुढे असलेला पैसा सहसा वाट चुकत नाही. होडी घालायची की नाही, किती, कोणत्या महिन्यांत, हे गावसभेने सर्वांपुढे ठरवावे. त्यात तळ्यावर पोट असणारा तो तरुणही बसलेला असावा आणि तळ्याचे शास्त्र जाणणाराही असावा. कोणी बाहेरच्या कचेरीत बसून ठरवू नये, आणि गावातल्या दोन घरांनीही ठरवू नये.

एवढे करून सगळे गोड होईल, असे आम्ही म्हणत नाही. तो तरुण पुढच्या वर्षी मुंबईची गाडी पकडील, असेही होऊ शकते. धामापुरात एक जण तळ्याशी इमान राखून गरीब राहिला आणि पलीकडच्या गावात दुसरा समुद्र ओरबाडून श्रीमंत झाला, तर लोक कोणाचे अनुकरण करतील, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणूनच हा प्रश्न एकेकट्याच्या सद्गुणावर सोडून चालणार नाही. वारीत एकटा चालणारा थकतो, दिंडी चालत राहते. कोणाचा पाय दुखला तर त्याचे गाठोडे दुसरा घेतो. पाण्याच्या बाबतीत आपल्याला अशी दिंडी बांधावी लागेल. वरच्या डोंगराचा माणूस, मधल्या शेताचा, खालच्या खाडीचा आणि नळ सोडणारा शहरातला, हे सगळे एकाच दिंडीतले. एकाच्या खांद्यावरची पताका दुसऱ्याने घेतली पाहिजे.

वारकऱ्याकडून आम्ही फार मोठे मागत नाही. पुढच्या वारीला चंद्रभागेत स्नान कराल तेव्हा अंगावरचा कपडा अंगावरच परत आणा. निर्माल्य घरच्या तुळशीच्या आळ्यात घाला. दिंडी ज्या विहिरीवर उतरते तिथून निघताना चार जणांनी मागे राहून काठ झाडावा. आपल्या गावच्या तळ्यावर पाहुणा आला तर त्याच्याशी भांडू नये, त्याला पाणी द्यावे आणि त्या पाण्याची गोष्ट सांगावी. ज्याला गोष्ट कळली तो सहसा बाटली फेकत नाही.

त्या दिवशी निघताना आम्ही भगवतीला हात जोडले. कोणीतरी पायरीवर फुले ठेवली होती. सोन्याची व्हावीत म्हणून नव्हे, सवयीने. तो तरुण तळ्याच्या काठी पडलेल्या दोन प्लास्टिकच्या पिशव्या उचलून खिशात कोंबीत होता. होडीचा विचार त्याने सोडला की नाही, हे आम्ही विचारले नाही. एवढेच सांगितले की, पुढच्या कार्तिकीला परत येताना तुझ्या घरी पेज प्यायला येऊ, आणि फुकट पिणार नाही.

रामकृष्णहरी.